दांड्यावरची पेटी

प्रिय सुनंदा,

आज आपल्या वड्यांच्या ट्रॉलीच्या, जीपला जोडायच्या दांड्यावर सिलेंडरची पेटी बसली. तुला जाऊन आठ महिने झाल्यावर. दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुलाच लिहितोय.

ट्रॉली घेताना आखूड दांड्याची मीच निवडली. जीपमागे लावून आपल्या गल्लीत वळली पाहिजे, एवढंच बघितलं. मग धाटावला कंपनीसमोर सहा वर्षं तू तिच्यात वडे तळलेस. सिलेंडर तुझ्या पायाशी, त्यामुळे तू कायम तिरकी उभी.

"अवो, हा सिलेंडर भायेर दांड्यावर घ्या. पेटी करा. मला जरा सरळ उभं रावूंदे," तू म्हणालीस. मी गिऱ्हाइकांकडे वळून म्हणालो, "बाईसाहेबांना आता बंगला हवाय." शिफ्ट सुटलेली माणसं हसली. तूही हसलीस. की नुसते दात दिसले?

माझे कान तिखट, असं सगळे म्हणतात. वळणापलीकडची बस मला आधी ऐकू येते. तुझंही ऐकू आलं होतं. तू तीनदा सांगितलंस, तिन्ही वेळा.

पेणच्या वेल्डरकडे ट्रॉली नेली. तो म्हणाला, "दांडा हातभर वाढवायला लागंल शेठ, नायतर वळताना जीप पेटीला घासंल." मग त्याने भिंतीवरच्या खिळ्याची सुतळी काढली. तिला दोन गाठी. "सिलेंडरची उंची आणि घेर. वहिनी तीन वर्सांमागं जिते गावाला माहेरी जाताना देऊन गेलेल्या. बोलल्या, तळाला भोकं ठेवा, गॅस खाली बसतो. आणि ते हो बोलले की मगच करा."

माझ्या एका होकारासाठी ती सुतळी तीन वर्षं खिळ्यावर होती. न विचारता करून का नाही घेतलीस गो? मी थोडा ओरडलो असतो, इतकंच ना?

तू ज्या तापात गेलीस त्याचा आणि त्या तिरकं उभं राहण्याचा संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मी ते सगळ्यांना सांगतो. कुणी विचारलं नसलं तरी.

आता तुझ्या जागी शेजारची रंजना तळणार. ट्रॉलीत चढली आणि म्हणाली, "केवढी ऐसपैस जागा हाय हो!" मी उगाच कढई पुसत राहिलो. मग तिने बसायला स्टूल मागितलं. सवयीची थट्टा जिभेवर आली होती. गिळली.

स्टूल उद्या सकाळी आणतो. तिला ते दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही, हे तुला लिहून देतो.

तुला तिरकं उभं करणारा,
अनंता