आबांच्या जीपचे कापलेले पट्टे

आबा, तुमची जीप तुमच्या नातीला, माझ्या लेकीला हवी आहे. लायसन्स आलंय, आता कुसगावातून तळेगावच्या कॉलेजला स्वतः गाडी चालवत जायचं म्हणते. आणि तुमचा थोरला, माझा दादा, ज्यानं स्वतःच्या स्कूटरची हवा कधी तपासली नाही, तो परवा बॉनेटवर थापा मारत मला शिकवत होता, "अगं, निस्तं लोखंड हाय हे! ट्रकनं ठोकली तरी ट्रकच वाकंल." ट्रक वाकेल, आणि आतली पोरगी? नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपेल असाच बनवतात, तो धक्का स्वतः खातो, आतलं माणूस वाचवतो. हे त्याच्या डोक्यात शिरेना. तुमचाच मुलगा तो. वर म्हणतो, "आबांच्या आत्म्याला काय वाटंल?" आत्मा! धम्म घेतलेल्या घरात!

लिंबू-मिरची टांगणाऱ्या ड्रायव्हरांना तुम्ही किती हसायचात. आपण असलं काही मानत नाही, असं लोणावळ्याच्या स्टँडवर छाती काढून सांगायचात. आणि जीपचे सीटबेल्ट कापून त्या पट्ट्यांनी फिरायला आलेल्या पाहुण्यांच्या बॅगा टपावर बांधायचात. मी एकदा विचारलं, बेल्ट कुठे गेले, तर पाहुण्यांसमोर माझ्यावर डाफरलात, "बाप चालवतोय न्हवं? माज्यावर भरवसा न्हाई व्हय तुजा?" मग डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकून घाट उतरलात, आणि मी समोरचा दांडा घट्ट धरून तुमचं शिट्टी वाजवणं ऐकत राहिले. लिंबाच्या जागी तुम्ही स्वतःलाच टांगलं होतं, आबा. अपघात कधी झाला नाही, आणि त्या नशिबाला तुम्ही मरेपर्यंत कसब म्हणत राहिलात.

काल नवी गाडी चालवून बघायला गेलो. साधी, छोटी, पण बाजूलाही एअरबॅग असलेली. लेक जीपसाठी रुसलेलीच होती, तशीच स्टिअरिंगवर बसली. मी शेजारी बसून पट्टा ओढला आणि सवयीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, हिला अपमान तर वाटला नाही ना? ती म्हणाली, "आई, नीट लाव. क्लिक ऐकू आल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही." तुमच्या गाडीत माझी एवढी काळजी कुणी केली नाही, आबा. मला रडू आलं. गाडी तिथेच नक्की केली.

जीप भंगारात घातली, असं मी थोरल्याला ठणकावून सांगितलंय. घातलेली नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून तिच्यातच बसून लिहितेय, तुमच्या शेजारच्या सीटवर. बसल्या बसल्या हात खांद्यामागे गेला होता, पट्टा शोधायला.