हवेच्या यंत्राची जोडी

बेज्जूरच्या पुढची वस्ती, जिल्हा आदिलाबाद
दसऱ्यानंतरचा चौथा दिवस, १९९६

चिरंजीव बाबारावास,

थोरली बहीण देवकाबाईचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा दोन जास्त, कारण त्यामागं काम आहे. (आशाबाई मास्तरीण लिहून राहिल्या आहेत. त्या रोज बेज्जूरहून शाळेला येतात आणि माझी अक्षरं माझ्यासाठी काढतात. त्यांनी सवयीनं वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. ज्याचा शेंबूड मी पुसला त्याला तीर्थरूप काऊन म्हणू?) इकडं सगळे आपापल्या जागी आहेत, माझे गुडघे तेवढे सोडून. ते सकाळी एका ठिकाणी असतात, संध्याकाळी दुसऱ्या. तुझा खोकला, भावजयीचं डोकं, एस.टी. वर्कशॉपचं पेन्शन, सगळं वेळेवर येत असेल असं धरते. तुझ्या कमरेचं मात्र मुद्दाम विचारते, कारण ती आमच्या वाळूत गेली.

त्या वाळूचंच हे पत्र आहे. तुला आठवत नसेल असं म्हणायची सोय नाही, कारण तूच आठ वर्षं विसरून नाही राह्यला. सत्याऐंशीची भाऊबीज. तू अहेरीहून निघालास, नावेनं प्राणहिता उतरलास, आणि आमच्या बाजूच्या अर्ध्या कोसाच्या वाळूत महिपतनं तुला घ्यायला जीप आणली. वाळूत शिरताना चाकांतली अर्धी हवा सोडावी लागते, नाहीतर गाडी गाडली जाते, हे माझ्या पोराला येतं. बाभळीचा काटा वॉलमध्ये दाबला की झालं. सोडलेली हवा परत भरायची कशी हे मात्र त्याला आजवर आलं नाही. वाळूच्या पलीकडं दगडाचा रस्ता, चपट्या चाकांनी गेलं तर टायर फाटतो. मग तो एकच हाताचा पंप, चार चाकं, महिपतच्या हाताला आधीच फोड, आणि कोऱ्या धोतरात तू. तुझे भाऊजी (नाव मी घेत नाही, आशाबाईंनाही लिहू देत नाही) बॉनेटवर बसून तुला सांगत होते की दांडा सरळ धरा, घाई करू नका, बैल असता तर एव्हाना घरी पोचलो असतो. तू दोन तास पंप मारलास. जेवलास, ओवाळून घेतलंस, आणि जाताना चपला घालता घालता म्हणालास की या घरात हवा भरायचं यंत्र येत नाही तोवर मी या वाळूत पाय ठेवत नाही.

तेव्हापासून मी भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. ज्या बाईचा भाऊ येत नाही तिनं चंद्राला ओवाळावं, अशी रीतच आहे. चंद्र बरा आहे, वाद घालत नाही. पण तो ताटात काही टाकत नाही, जेवायला थांबत नाही, आणि एका वर्षी तर ढगामागून आलाच नाही. मी तुझ्याकडं यावं तर हे गुडघे नावेत चढत नाहीत. या वर्षी मी घरात सांगून टाकलं की नववा चंद्र मी ओवाळणार नाही, यंत्र आणा. खिशाला झेपेल असंच आणा म्हटलं. पण आणा.

तुझ्या भाऊजींचं सगळं आयुष्य बैलबाजारात दलालीत गेलं हे तुला ठाऊक आहे. त्यांना जगातली कोणतीही वस्तू विकत घ्यायची एकच तऱ्हा येते. माझं स्थळ बघायला आले तेव्हाही मला आधी चालून दाखवायला सांगितलं होतं, आठवतं? पहिल्यांदा त्यांनी कागजनगरहून पायानं दाबायचा पंप आणला, सगळ्यात स्वस्त म्हणून. तो दाबला की अंग चोरून तिरपा व्हायचा आणि पाय घसरायचा. त्याच्यावरचा काटा तर कायम चाळीसवर. चाकाला लावला तरी चाळीस, काढला तरी चाळीस, खुंटीला टांगला तरी चाळीस. हे म्हणाले, पाय लंगडा आहे पण स्वभाव शांत आहे. त्या शांत स्वभावानं एक चाक भरेपर्यंत महिपतची पिंढरी अशी सुजली की दोन दिवस तोच लंगडत होता.

मग आसिफाबादच्या बाजारातून एक लांब नळी आली. विकणाऱ्यानं सांगितलं, इंजिनाचा एक प्लग काढा, तिथं हे आटे फिरवा, गाडी चालू करा, इंजिनच हवा भरतं, मेहनत नाही. ऐकायला इतकं छान वाटलं की मी स्वतः गूळ-खोबरं वाटलं. महिपत सकाळपासून बॉनेटखाली डोकं घालून प्लग शोधत होता. दुपारी बाहेर आला आणि हळूच म्हणाला, आई, आपली जीप डिझेलची हाय, तिले तसला प्लगच नाही. (तू वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली, तुला हसू येईल. हस. आम्हाला तेव्हा आलं नाही.) महिपतला हे पहाटेपासून माहीत होतं, पण वडिलांनी आणलेल्या वस्तूला खोट काढायची नाही म्हणून तो सहा तास शोधत राहिला. तुझ्या भाऊजींनी निकाल दिला की नळीत खोट नाही, गाडीत आहे. आता ती नळी खुंटीवर आहे. पाहुण्यांना सांगतात की डॉक्टरची आहे.

शेवटी बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर घ्यायचं ठरलं आणि मी सोबत गेले. कागजनगरच्या दुकानात दुकानदारानं दोन तऱ्हेचे काढले. एक जड, डब्याएवढा, बॅटरीला थेट चिमटे लावायचे. त्यानं तो चालू केला. आवाज असा की रस्त्यावरची कुत्री उठली. त्याच्याच स्कूटरचं चाक उतरवून भरून दाखवलं, माझं पान लावून होईपर्यंत भरलं. तुझ्या भाऊजींनी यंत्राच्या पाठीवर हात ठेवला, आणि असा काढला की जणू इंगळी डसली. म्हणाले, याच्या अंगात ताप आहे. दुकानदार हिंदीत सांगून थकला की बाबा, काम करतं म्हणून तापतं, एका चाकानंतर थोडा दम खाऊ द्यायचा. हे म्हणाले, पन्नास वर्षांत तापलेलं जनावर मी घरी नेलं नाही.

दुसरा कॉम्प्रेसर हलका, दिसायला देखणा, पांढऱ्या रंगाचा. पंधरा मिनिटं चालला आणि अंगाला हात लावला तर गारच. महिपत म्हणाला, बाबा, हा मुलांच्या चेंडूत हवा भरायचा दिसते. पण आमच्या मालकांचं मन बसलं होतं. त्यांनी उपरणं काढलं, दुकानदाराचा हात उपरण्याखाली घेतला आणि बाजारात दाबतात तशी त्याची बोटं दाबून किंमत सांगू लागले. तो बिचारा गुजराती माणूस. त्याला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर येऊन राहिली आहे. त्यानं स्टूल दिलं, पाणी दिलं, माझ्याकडं बघून विचारलं की इन्हें घर से लेकर ही क्यों आये. (मी म्हटलं, मला आणायचं नव्हतं, तेच मला घेऊन आले.) मग यांनी विचारलं, याची जोडी कुठं आहे? दुकानदार म्हणाला, जोडी नहीं होती, बाबा, एक ही काफी है. यांनी अशी मान हलवली की जणू समोरच्यानं आयुष्यात शेत पाहिलं नाही. एकट्या बैलाला कोण जुंपतं? तर रंगानं सारखे, उंचीनं सारखे, असे दोन गार कॉम्प्रेसर निवडून आम्ही घरी आलो. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहिलं. माझ्या लग्नातली जोडवीही त्या दिवशी इतकी उजळली नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा. मी हट्टानं जीपमध्ये बसले, म्हटलं जिथं माझा भाऊ राबला तिथंच बघायचं. वाळूत हवा सोडली, गाडी नीट नावेपर्यंत गेली, नीट परत फिरली. काठाला येऊन महिपतनं इंजिन बंद केलं, म्हणजे आवाजात आवाज नको, आणि दोन्ही यंत्रं एकाच बॅटरीला जुंपली. डावीकडं एक, उजवीकडं एक. दोघंही अगदी सारखे गुणगुणत होते. एका चाकाला पाऊण तास. मी आणलेल्या भाकरी संपल्या, पाणी संपलं. पुढची दोन चाकं भरली, मागची दोन भरत आली, आणि दोन्ही यंत्रं एकदमच गप्प झाली, जोडी होती ना. चावी फिरवली तर जीपही गप्प. सगळी बॅटरी चाकांत गेली होती. आता चाकांत हवा होती आणि गाडीत जीव नव्हता. तेवढ्यात वाऱ्यानं पलीकडून धूर आला. मला वाटलं तुझ्याच घरचा असेल. अहेरी तिथून कितीतरी आत आहे, हे मला कळतं. तरी वाटलं. दुपार कलेपर्यंत मी त्या वाळूत बसून तुझा काठ बघत होते, बाबाराव. मग तुझे भाऊजी वस्तीतून बैलजोडी घेऊन आले आणि जीप ओढून काढली. तेव्हापासून मिशीत हसून राह्यले आहेत. यंत्र हरलं आणि बैल जिंकला, त्यांना आणखी काय पाहिजे.

मी आता थकले रे. तेव्हा तूच निवड. तुला यातलं कळतं. मला एवढंच कळलं की काम करणारं यंत्र तापतं आणि न तापणाऱ्याला काही कामच नसतं. हे मला लग्नानंतर लगेच कळायला हवं होतं. चिमटे थेट बॅटरीला लागणारा बघ, इंजिन चालू ठेवून चालवायचा असेल तर तसं महिपतला लिहून दे, नळी मागच्या चाकापर्यंत पोचली पाहिजे, आणि काटा खोटं बोलणारा नको. किंमत दोन शेळ्यांच्या वर जाऊ नये. बोकडाचा भाव धरू नकोस. एकच घे. जोडी नको.

भावजयीला आशीर्वाद. नातवंडांना माझ्या वतीनं प्रत्येकी एक धपाटा.

तुझी बहीण,
देवकाबाई (अंगठा खाली आहे. शाई जास्त लागली.)

ता. क. यंत्र पार्सलनं पाठवू नकोस. पार्सलमध्ये आदळआपट होते. स्वतः घेऊन ये. भाऊबीज एकोणीस दिवसांवर आहे.

दुसरा ता. क. खरं सांगायचं तर यंत्राची तशी गरज नाही. मृगाच्या आधी आमच्या नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल, झाला. तू बल्लारशाहून रेल्वेनं कागजनगरला उतरलास तर तिथून सकाळची बस थेट आमच्या वेशीपर्यंत येते. आशाबाई त्याच बसनं बेज्जूरहून येतात. हे वर लिहिलं नाही, कारण नुसतं बसनं ये म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास की यंत्राचं काय झालं.

तिसरा ता. क. (हा मी, आशाबाई, लिहिते आहे. देवकाबाई चहा ठेवायला आत गेल्या. यशवंतराव ओसरीवर बसून सगळं पत्र ऐकत होते. त्यांनी जे लिहायला सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत.) "बाबारावले लिवा, बसनं नका येऊ म्हणावं. नावंनंच या. म्या वाळूत जीप घेऊन उभा राहीन. तुमी बॉनेटवर बसा. पंप म्या मारतो."

चौथा ता. क. चुलीपाशी बसून मला सगळं ऐकू येतं. बहात्तराव्या वर्षी हा माणूस पंप मारणार. तेव्हा यंत्र घेऊनच ये, पण पिशवीत तळाशी ठेव. आधी त्यांना एक चाक पुरं भरू दे, मग काढ.