पहाटेची प्रार्थना रात्री दोनला

बंडाबर्ग, ऑस्ट्रेलिया

प्रिय आईस हावीलीचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही पोटभर मिळतं. बाबांचा खोकला थांबला का?

तुम्ही टोंगात पहाटे पाचच्या प्रार्थनेला बसता आणि मला फोन लावता, तेव्हा इथे रात्रीचे दोन वाजलेले असतात. ‘आमेन’ होतं, पण त्या फोनच्या उजेडानं उडालेली झोप काही परत येत नाही. सोमवारी शेतावर कामात रताळी निवडता निवडता डुलकी लागली. माझ्याबरोबर काम करणारा लोपेती ओरडला, “अरे, तुमच्या घरचा देव झोपतो की नाही?” सगळे हसले, मुकादम तेवढा हसला नाही.

म्हणून काल फोन बंद करून झोपलो. रागावलीस ना? तरी बरोब्बर दोनला डोळे उघडले. फोन बंद आहे हे ठाऊक असूनही, तो वाजेल म्हणून उजाडेपर्यंत वाट बघत राहिलो.

तुझाच,
हावीली