टावेलाखाली बोटं

९ सप्टेंबर

ठरलं!! माझ्यासमोर कुणी बोललं न्हाई. पण मी चुलीपाशी होते, सगळं आयकू आलं.

पोरगा लिंबागणेशकडचा. कारखान्याला ऊस तोडायला जायला त्याला जोडी पायजे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतेत, एकट्याला टोळीत कोण घेत न्हाई. म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी लगीन. आण्णा म्हणले, "अवं पण ह्या दिसात मुहूर्त कुठाय?" तर मामा म्हणले, "कारखाना मुहूर्त बघतो का दाजी!" सगळे हसले. आण्णा बी.

आई हसली न्हाई. पण ती तशी बी हसत न्हाई. भाकरी थापत राहिली.

मला सोळा पण पुरे न्हाईत.  नीट लिहिता येईना.

१० सप्टेंबर

सेंटरवर गेले. आठवी सोडल्यापासून दिंद्रुडला वनमालाताईच्या झेरॉक्स सेंटरवरच हाय. झाडायचं, झेरॉक्स मारायची, लोकांचे फॉर्म हातानं भरायचे. फॉर्म भरताना कुणाशी बोलावं लागत न्हाई, म्हणून बरं वाटतं. पण आता सगळं ऑनलाइन. ताई म्हणती, "करिष्मे, तुझं अक्षर सोन्यावाणी, पण सोनं मोडीत चाललंय. टायपिंग शीक."

दिवसभर एकच डोक्यात. अंगणवाडीच्या भितीवर लिव्हलंय - अठराच्या आत मुलीचं लग्न हा गुन्हा आहे, ग्रामसेवकास कळवा. तिथल्या बाईनं, छबुताईनं, माझ्याकडूनच लिहून घेतलतं, गेल्या उन्हाळ्यात. निळ्या रंगानं. तवा नुसतं अक्षरं गोल काढायच्या नादात होते. काय लिहितोय ते वाचलंच न्हवतं.

ग्रामसेवकाला कळवायचं. कसं? तोंडानं मला जमणार न्हाई. ग्रामसेवक भाऊसाहेब समोर आले तर मी नमस्कार बी करू शकत न्हाई, पळते.

अन् चिठ्ठी लिहिली तर गावात माझं अक्षर कुत्रं बी वळखंल! लग्नाच्या घराच्या भितीवर नावं माझ्या हातची. दळणाच्या डब्यावर माझ्या हातची. पाण्याच्या टाकीवर बी.

११ सप्टेंबर

ताईला म्हणलं, शिकवा. एवढंच म्हणलं. तर ती केवढी खूश!

ती माजलगावला जुन्या मशीनवर शिकलेली. पयला नेम - बटनाकडं बघायचं न्हाई. माझ्या दोन्ही हातावर टावेल टाकला. म्हणली, "चाचपड. बोटाला डोळे फुटले पायजेत."

डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांटी. उजव्या हाताला अक्षरं. दोन्ही हाताच्या एकेका बटनावर बारीक उंचवटा हाय, तिथं पयलं बोट ठेवायचं. माझ्या नावातला रि तिथंच येतो, दोन्ही पयल्या बोटात. पण उलटं हाय. हातानं लिहिताना वेलांटी आधी काढतो अन् मग अक्षर. इथं अक्षर आधी, वेलांटी मागून. लई चुकले.

टावेलाखाली बोटं कुठं कुठं भटकत होती ते कुणाला दिसलं न्हाई. ते एक बरं.

१३ सप्टेंबर

साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेनानं बटनं काढली. घरी शेळ्यांपाशी बसून त्याच्यावर बोटं मारते. आण्णा अचानक आले. "काय गं ते?"

"रांगोळीचं..."

बघितलं, म्हणले, "चौकोन बी कसे सारखे काढलेत बघ पोरीनं!" मायेनं म्हणले. ते मायेनं बोलले की मला जास्त भ्या वाटतं.

१४ सप्टेंबर

भाकरी थापताना बोटं आपोआप चालत्यात. ग्रा म से व क. आई बघत होती. 

१६ सप्टेंबर

आज ताई बाहेर गेलती. एक म्हातारे काका आले, हातपंपाची तक्रार टाईप करायची म्हणले. मागं दोन पोरं उभी. एक म्हणला, "हिच्यानं काय होतंय बे, एक बटन दाबून चहा पिऊन येती." दुसरा फिदीफिदी.

 काल येत होतं ते सगळं गेलं. क सापडंना!

ताई आली, पोरांना हाकललं, स्वतः टाईप केलं. मग काकाला म्हणली, "सही करा." काका म्हणले, नाव नको, वैर कशाला. तर म्हणली, "काका, निनावी अर्जाची पंचायतीत रद्दी होती. सही येत न्हाई तर अंगठा उठवा, पण कुणाचं तरी बोट लागलं पायजे." अन् निळ्या शाईचं पॅड पुढं सरकवलं.

काकानं कागद खिशात घातला अन् गेले.

मी रातच्याला जेवले न्हाई. माझा बी निनावीच ऱ्हाणार. मग रद्दी? मग कावून शिकतेय मी हे सगळं?

१८ सप्टेंबर

तरी शिकतेय.

२० सप्टेंबर

ताई जेवायला घरी जाती तेवढाच वेळ मिळतो. म्हणून आता कळलं टावेल कशाला असतो ते! बटनाकडं बघत बसले तर दार दिसत न्हाई. आज अर्धं पान दाराकडं बघत टाईप केलं. चुका झाल्या, पण दोनच. कुणी आलं की लगेच पुसून टाकते.

२१ सप्टेंबर

लिहू वाटत न्हाई. पण लिहिते.

आण्णांनी भीत चुन्यानं पांढरी केली. लाल रंगाचा डबा माझ्या हातात दिला. "दुसऱ्याच्या भिती रंगविल्यास, आता आपली. तुझं नाव तूच लिव्ह, असं अक्षर तालुक्यात न्हाई."

शेजारच्या बाया जमल्या. "नवरीच लिहिती गं स्वतःचं! लाजंना कशी?" हसल्या.

मी त्या पोराचं नाव लिव्हलं. बघितलेलं पण न्हाई त्याला. चांगलं आलं अक्षर, ह्या हाताला वाईट काढताच येत न्हाई. मग माझ्या नावाला ब्रश टेकवला अन् लगेच उचलला. डबा सांडला. आण्णा म्हणले, "आसू दे, उद्या दुसरा रंग आणू."

आईनं सांडलेला रंग मातीनं पुसला. लई वेळ पुसत होती.

२३ सप्टेंबर

झालं!! टाईप झालं!

ताई जेवायला गेली. मी दाराकडं बघत बसले अन् टावेलाखाली बोटं चालली. आण्णांचं नाव टाकताना थांबले. आपल्याच बापाचं नाव. तिथं एकदाच बटनाकडं बघितलं, चुकू नये म्हणून.

खाली नाव न्हाई टाकलं. हिंमत न्हाई.

प्रिंटर केवढ्यानं वरडतो! रोज वरडतो, पण आज सगळ्या दिंद्रुडला आयकू गेला आसंल. तेवढ्यात ताई दारात. कागद गरम गरम पोटाशी धरला, ओढणीच्या आत.

ताई म्हणली, "काय छापलंस?"

"प्रॅक्टिस."

तिनं बघितलं माझ्याकडं. मग म्हणली, "जा लवकर घरी, गाडी जाईल." गाडी पाचची, पाच वाजायचे होते अजून.

गावात उतरून पंचायतीपाशी गेले. भाऊसाहेब आतच होते. दोनदा दारापर्यंत जाऊन मागं फिरले. पाय उचलंना. कागद घरी आणला, बाजरीच्या कोठीत तळाला घातला. उद्या देते.

२४ सप्टेंबर

न्हाई दिला. उद्या.

२५ सप्टेंबर

कागद न्हाई!!

कोठीत हात घातला, कोपरापर्यंत. सगळी बाजरी उपसली. न्हाई. आण्णा ओट्यावर बसलेत. मामाला फोन लावत होते. त्यांना घावला का? मला मारतेल का आधी लगीन लावून देतेल? आईला इचारलं, कोठीतनं बाजरी काढली का. म्हणली, "दळणाला काढली की." "अजून काय होतं त्यात?" म्हणली, "काय आसतंय बाजरीत?"

दुपारी ती अंगणवाडीकडून येताना दिसली. आमच्याकडं कुणी बारकं लेकरू न्हाई. कशाला गेलती? लगेच विसरले, डोकं जाग्यावर न्हाई. तो बटनाचा पुठ्ठा चुलीत घातला. बटनं जळताना बघितली.

२६ सप्टेंबर

आले. भाऊसाहेब, छबुताई, अन् पोलिसातल्या एक बाई. सकाळी, सगळ्यांसमोर.

भाऊसाहेबाच्या हातात माझा कागद! मला दुरून बी कळला.  आण्णा वरडले, "कुणी दिलं हे? नाव सांगा!" भाऊसाहेब म्हणले, "अर्जदाराचं नाव सांगता येत नाही, अजिनाथ. पोरीचा जन्माचा दाखला आणा." कागद त्यांनी दाखवला, पण खालच्या बाजूवर तळहात झाकून धरलता. तिथं तर काईच न्हाई. मी नावच टाकलं न्हवतं. कशाला झाकलं?

छबुताईनं आईकडं एकदा बी बघितलं न्हाई. रोज तर हाक मारती.

आण्णांकडून लिहून घेतलं, अठरा होईस्तोवर लगीन करणार न्हाई म्हणून. केलं तर गुन्हा दाखल. आण्णांनी सही केली. पेन मोडंल एवढा दाबून.

ते गेले अन् आण्णा माझ्यापुढं उभे राहिले. मी म्हणलं संपलं.  मग म्हणले, "न्हाई. तुझं अक्षर म्या झोपेत बी वळखीन. हे छापील हाय. कुण्या शिकलेल्या माणसाचं काम हाय." अन् शेजाऱ्यांना शिव्या देत बाहेर गेले.

भितीवर त्या पोराचं एकट्याचं नाव हाय.

कागद कुणी नेऊन दिला? सगळा दिवस हेच. ज्याला घावला त्याला म्हाईत हाय. तो उद्या बोलला तर? आण्णा रातच्याला परत आले तर?

२७ सप्टेंबर

आईनं भाकरी वाढली. डाव्या अंगठ्याला निळं होतं, नखाच्या कडंला, रेघारेघांत. घासलेलं दिसत होतं, पण गेलेलं न्हवतं.

म्हणलं, "आय, हे कशाचं?"

"राशनच्या दुकानात लागलं आसंल. गप जेव."

राशनला मशीन हाय. काचेवर अंगठा ठेवायचा. शाई लागतच न्हाई.