तू घेतलेला नमस्कार

प्रिय दादा,

'प्रिय' लिहून खोडणार होते. मग म्हटलं, राहू दे; भांडायला तरी कुठून तरी सुरुवात करायला हवी. हे वाचून फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि समोर असलास की वॉर्डातल्यासारखा हात वर करून गप्प बसवतोस. आता या कागदाला हात दाखवून बघ.

शिट्टी शुद्धीवर आली. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. शिट्टी म्हणजे तुझ्या सर्जरी युनिटमधली पहिल्या वर्षाची मुलगी, माझी हॉस्टेलमधली रूममेट. ऑपरेशनआधी हात धुताना शिट्टी वाजवायची, म्हणून आम्ही तिला तसं म्हणायचो. तू 'ए बावळट' म्हणायचास. खोलीचं दार मी आणि वॉचमनने मिळून तोडलं, म्हणून ती वाचली. आता पाणी मागते, खिडकीकडे बघते आणि विचारते, "सर चिडलेत का गं?" जीव द्यायला निघालेली पोरगी परत आली, तरी तिला भीती तुझीच!

तिची शिट्टी कधी बंद पडली तेही मला माहीत आहे. टेबलाच्या डोक्याशी पेशंटला भूल देऊन मीच उभी होते. तिचा एक टाका सैल बसला. आधीची रात्र आणि त्याआधीचा दिवस तिने वॉर्डात काढला होता. टाका तू पुन्हा घातलास, पेशंटला काही झालं नाही. तेवढ्यावर भागलं असतं. पण तू चिमट्याने तिच्या बोटांवर मारलंस आणि म्हणालास, "म्हण, मी डॉक्टर व्हायच्या लायकीची नाही." ती पुटपुटली. "मोठ्याने." ती मोठ्याने म्हणाली. सिस्टर खाली बघत राहिल्या. मी म्हटलं, "सर, पुरे." तर तू मान वर न करता म्हणालास, "तू तुझी भूल सांभाळ."

त्यानंतर तिचं जेवण सुटलं. आंघोळीला जायची आणि बादलीत नळ सोडून नुसती बसून राहायची. मी तिला ओढत मानसोपचाराच्या मॅडमकडे नेलं. त्यांनी औषध दिलं, सुट्टी घ्यायला सांगितलं. ती सुट्टी मागायला तुझ्याकडे आली, तर तू सगळ्यांदेखत हसलास. "डिप्रेशन पेशंटला होतं, डॉक्टरला आळस होतो," म्हणालास आणि तिला वर जादा ड्युटी लावलीस.

पण हेही मी एक वेळ गिळलं असतं. ती बेशुद्ध असताना तिचे वडील आले, तो दिवस मात्र गिळवत नाही. रात्रभर प्रवास करून आलेला माणूस, चुरगळलेला शर्ट, हातात लेकीचे धुतलेले कपडे. तुझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "पोरीचंच काहीतरी चुकलं असेल साहेब, तिला काढू नका." आणि दादा, तू तो नमस्कार घेतलास. मान हलवलीस, 'बघू' म्हणालास आणि लिफ्टकडे गेलास. तुझ्या तोंडावर थुंकावंसं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

कारण तुझं सगळं मी विसरलेले नाही. तू शिकत होतास, मी शाळेत होते. एकदा तू न सांगता घरी आलास आणि डॉक्टरच्या पांढऱ्या कोटासकट मोरीत बसून राहिलास. आई येणाऱ्याजाणाऱ्याला टायफॉइड सांगायची. एवढा मोठा घोडा झालेला तू, पण बाबा तुला हाताने भरवायचे. दुपारी डोळा लागला तरी 'सॉरी सर, सॉरी सर' चालायचं. त्या सरांना तू कसाई म्हणायचास. मोठी झाले की त्या कसायाला बघून घेईन, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्याला शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही.

काल आईचा फोन आला. रडत होती. "घरातलं घरात मिटवा, त्याची खुर्ची जाईल," म्हणाली. तिला कोणी बोलायला लावलं ते कळतं मला. यापुढे भांडायचं तर माझ्याशी भांड, तिला पुढे करू नकोस. उद्या सकाळी चौकशी समितीने मला बोलावलंय. चिमटा, ते वाक्य, ती सुट्टी, सगळं सांगणार आहे. तुझ्या मोरीतल्या दिवसांबद्दल अवाक्षर काढणार नाही. ते तुझं आहे. सांगायची हिंमत असेल तर तूच सांग. मात्र समितीतले लोक आधी आपलं आडनाव बघतील आणि विचारतील, हे तुमचे कोण? मी 'सख्खा भाऊ' म्हणेन, मग पुढचं बोलेन. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझीच, नाइलाजाने,
धाकटी