जबाब समजला नाही

आत्या,

तुला वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायचं धाडस झालं.

काल सुनावणीत बारा गावांच्या वतीने तू आपल्या डोंगराची सीमा आपल्या बोलीत म्हणून दाखवलीस, एकेका खडकाचं नाव घेत. साहेबांनी विचारलं, "ही बोली इथे कुणाला कळते का?" त्यांच्या शेजारी जबाब लिहायला मीच बसले होते. तीस वर्षं या कचेरीत मी कुठली ते लपवलं, म्हणून मान खाली घातली. "जबाब समजला नाही" असं लिहिलं. त्या ओळीवर दावा फेटाळला गेला.

बाहेर तुझ्या सोबतच्या म्हाताऱ्याने विचारलं, "ती तुझी भाचीच ना गं?"

"छे! आमची पोर असती तर गप्प बसली असती होय?"

तेवढं ऐकून मी दार लावून घेतलं.

तुझ्या भावाची मुलगी