नऊ कंपन्या, छत्तीस चाचण्या

३ मार्च, सोमवार. दुपारी ३
मीटिंग झाली. रक्त तपासणीच्या लॅबचं रिपोर्टचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. ते ज्या भाषेत लिहिलंय तिचं किट, म्हणजे प्रोग्रॅम बनवायची आणि चालवायची सगळी अवजारं, जुनं झालंय. ३१ तारखेनंतर त्याच्या दुरुस्त्या बंद. नवं किट नऊ कंपन्या देतात. साहेबांनी विचारलं, कुणाचं घ्यायचं? मी म्हणालो, इतकं सोपं नाहीये ते. काम माझ्या गळ्यात पडलं. अनुभवी माणसाचं हे असंच होतं.
मुदत बुधवारची. मंगळवारीच सांगून टाकावं म्हणतो.
जेवताना सर्व्हरवाल्या बाई म्हणाल्या, कुठलंही सांगा सर, नऊही कंपन्या एकाच मूळ कोडवरून किट बनवतात, फक्त लेबल वेगळं. मी नुसता हसलो. नवख्यांना तसं वाटतं. (बाईंना इथे अकरा वर्षं झाली. मला नऊ.)
त्यांना घाई आहे. माझं ठरलं की किट सर्व्हरवर चढवायचं काम त्यांचं, आणि ते झाल्याशिवाय साहेब रजा देणार नाहीत. १७ तारखेला त्यांच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आई म्हणे हल्ली जिना एकेका पायरीवर बसत बसत उतरतात. मी म्हटलं, निश्चिंत राहा.

५ मार्च, बुधवार
तक्ता तयार. नऊ कंपन्या, एकतीस रकाने. मदत कोण देतं, किती वर्षं देतं, फोन उचलतात का, वेबसाइट नीट आहे का. सव्विसाव्या रकान्यात लोगो. लोगोवरून कंपनी कळते.
सोमवारपर्यंत मुदत मागितली. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण दिली.
घरी तक्ता दाखवला. बायको म्हणाली, हॉलच्या खिडकीला दोन वर्षं चादर लावलीय, चिमटे लावून. पडद्याचं कापड ठरवतो म्हणाला होतास, त्याचाही तक्ता आहे का? आहे. पण हा विषय वेगळा.

१० मार्च, सोमवार
नुसत्या तक्त्यावर विसंबून चालणार नाही. वेग मोजायला हवा. नऊही किटं माझ्या मशीनवर उतरवली. प्रत्येकावर दहा हजार रिपोर्ट, चार चार वेळा. छत्तीस चाचण्या. आणखी आठवडा मागितला.
बाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. ठरलं का, विचारलं. मी माझी पद्धत पंधरा मिनिटं समजावून सांगितली. त्या बरं म्हणाल्या आणि फोन घेऊन बाहेर गेल्या.
संध्याकाळी कळलं, ऑपरेशन २४ वर गेलं. हॉस्पिटलवाले असंच करतात. कुणाला दुसऱ्याच्या वेळेची किंमत नाही.

१३ मार्च, गुरुवार
निकाल आले. सगळ्या चाचण्या ४१.२ ते ४१.६ सेकंदांत. नऊ वेगवेगळ्या कंपन्या आणि इतका सारखेपणा! मोजणी किती काटेकोर झाली त्याचा हा पुरावा. पाचव्या कंपनीने तीन दशांश सेकंदाने बाजी मारली. लोगोही बरा आहे.

१७ मार्च, सोमवार
सादरीकरण. बावीस स्लाइड. साहेबांनी दोनदाच घड्याळ पाहिलं.
चौदाव्या स्लाइडवर चाचणीच्या नोंदींचा फोटो होता. बाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. काहीतरी बोलणार होत्या, मग वहीत बघायला लागल्या. माणूस भारावला की असं होतं.
पाचवी कंपनी मंजूर. साहेब शाब्बास म्हणाले. घरी सांगितलं. बायको म्हणाली, छान, आता पडद्याचं बघ.

१९ मार्च, बुधवार. दुपारी ४
काम संपलं म्हणून मशीन साफ करायला घेतलं. जुनं किट काढून टाकलं. सहज एक चाचणी चालवली. चालेना. दुसरी. तीही नाही. नवी नऊच्या नऊ किटं जागेवर आहेत आणि मशीन म्हणतंय, किट सापडत नाही.

४.२०
मशीनला किट कुठे शोधायचं हे एका ओळीत सांगावं लागतं. ती ओळ मी बदललीच नव्हती. ती जुन्या किटकडेच बोट दाखवत होती. छत्तीसच्या छत्तीस चाचण्या जुन्याच किटवर झाल्या. नव्यांपैकी एकही एकदासुद्धा चाललं नाही. मी एकाच किटला छत्तीस वेळा पळवलं आणि त्याला स्वतःच्याच शर्यतीत पहिला नंबर दिला.
कान तापलेत. शेजारी कुणी नाही तरी स्क्रीन बंद करून बसलोय.
उद्या सकाळी पहिलं काम, साहेबांना सांगणे.

२० मार्च, गुरुवार
सकाळी साहेब फोनवर. नंतर दार बंद. दुपारी दार उघडं होतं, पण उघडं दार म्हणजे ते कुणाचीतरी वाट बघत असणार. उगाच मध्ये कशाला जा. दोनदा पाणी प्यायला त्यांच्या केबिनवरून गेलो. तहान नव्हती.

२१ मार्च, शुक्रवार
बाईंनी पाचव्या कंपनीचं किट सर्व्हरवर चढवलं. सगळं सुरळीत. लॅबचे रिपोर्ट निघतायत. बाई रजेवर गेल्या.
साहेबांचा सगळ्यांना मेल: काटेकोर अभ्यास कसा करावा हे यांच्याकडून शिका. 'यांच्या' म्हणजे माझ्या. मी उत्तर लिहिलं, श्रेय सगळ्या टीमचं. पाठवलं आणि स्वतःचीच किळस आली. जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, ॲसिडिटी.

३१ मार्च, सोमवार
बाई परत आल्या. साहेबांना सांगायचं धाडस नाही, निदान बाईंना तरी सांगावं म्हणून जिन्यात गाठलं. सगळं सांगितलं. ती ओळ, छत्तीस चाचण्या, सगळं. बोलताना आवाज बारीक झाला.
त्या म्हणाल्या, माहीत होतं सर. चौदाव्या स्लाइडवर पहिल्याच ओळीत जुन्या किटचा नंबर दिसत होता. म्हणून चढवण्याआधी दोन दिवस संध्याकाळी थांबून त्यांनी ते नवं किट स्वतः तपासलं होतं.
मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात?
त्या म्हणाल्या, बोलले असते तर तुम्ही पुन्हा छत्तीस चाचण्या केल्या असत्या. आधीची तारीख मीच हॉस्पिटलला फोन करून पुढे ढकलली होती. दुसऱ्यांदा ढकलते असं आईला सांगायला मला तोंड नव्हतं.
हे त्या अजिबात न रागावता म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सॉरी म्हणालो. मग माझी पद्धत मुळात कशी बरोबर होती, चुकली ती फक्त एक ओळ, हेही समजावून सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. त्या बरं म्हणाल्या आणि वर गेल्या.

रात्री ८
चादरीचा एक चिमटा तुटलाय. बायकोला म्हटलं, तूच आण पडदे, कुठलेही. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.
आत्ता लक्षात आलं. बाईंच्या आई कशा आहेत, हे मी विचारलंच नाही.
उद्या सकाळी पहिलं काम तेच.